डेटा लेबलिंग म्हणजे काय? एआयला शिकवणारी माणसं कुठे असतात?

फोनच्या गॅलरीत 'कुत्रा' असं सर्च केलं की कुत्र्याचे फोटो समोर येतात. फोनला कुत्रा कसा कळला? आधी माणसांनी हजारो फोटो बघून 'हा कुत्रा', 'ही मांजर' अशी नावं दिली, त्यावरून मॉडेल शिकलं. या नावं देण्याच्या कामाला डेटा लेबलिंग म्हणतात.

काम किती मोठं?

फेई-फेई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली इमेजनेट हा डेटासेट जाहीर केला. पुढे त्यात 1.4 कोटींहून जास्त फोटो झाले. लेबलं लावायचं काम अ‍ॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवरून देशोदेशीच्या लोकांना वाटलं होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. असा तयार डेटासेट मी एक कमांड देऊन उतरवून घेतो. त्यात फोटो असतो, लेबल असतं, पण ते लावणाऱ्याचं नाव नसतं.

केनियाचं उदाहरण

चॅटजीपीटीने हिंसक किंवा अश्लील बोलू नये, म्हणून तसा मजकूर ओळखणारी यंत्रणा लागते. तिच्यासाठी लेबलिंगचं काम ओपनएआयने सामा या कंपनीला दिलं आणि ते केनियात झालं. टाइम मासिकाच्या जानेवारी 2023 च्या बातमीनुसार कंत्राटाचा दर तासाला 12.50 डॉलर होता. कामगारांच्या हातात तासाला साधारण 1.32 ते 2 डॉलर पडत होते. कंत्राटाच्या दरात बाकीचे खर्चही येतात, असं सामाचं म्हणणं होतं. खून, लैंगिक अत्याचार यांची वर्णनं वाचून मानसिक त्रास झाल्याचं कामगारांनी सांगितलं.

मग केनियाला काय मिळालं?

रोजगार मिळाला, हे खरंच. इंग्रजी येणाऱ्या तरुणांना कॉम्प्युटरवरचं काम मिळालं. पण लेबलं एकदा सोपवली की संपलं. मॉडेलची मालकी आणि पुढचा नफा अमेरिकेतल्या कंपनीकडे राहतो. हे काम इंटरनेटवरून होतं, त्यामुळे मजुरी वाढली तर कंपनी दुसऱ्या देशात जाऊ शकते. म्हणून जास्त पैसे मागणं कामगारांना अवघड जातं.

आता उलटा हिशोब करून बघा. फेब्रुवारी 2023 मध्ये चॅटजीपीटी प्लस आलं, महिना 20 डॉलर. वरच्या मजुरीने हे पैसे कमवायला 10 ते 15 तास लागतात. श्रीमंत देशातल्या प्रोग्रॅमरला तेवढ्यासाठी एक तासही लागत नाही. ज्ञानावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत दरी वाढते ती अशी: स्वस्त मेहनत एकीकडून जाते आणि तयार वस्तू डॉलरच्या भावात परत येते.

बदल होतोय का?

मे 2023 मध्ये नैरोबीत 150 हून जास्त कंटेंट मॉडरेटर आणि एआय कामगारांनी युनियन स्थापन करण्याच्या बाजूने मत दिलं. लेबलिंगची मजुरी, मानसिक आरोग्याची सोय आणि कामाचे तास कंत्राटात आधीच लिहिले जावेत, असं मला वाटतं. मॉडेल चांगलं हवं असेल, तर लेबल लावणारा माणूसही धड राहायला हवा.