रजा, घर आणि नाटक

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारांची दृष्टी बहुधा पडद्याच्या आतल्या बाजूस खिळलेली असते. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाचा पाया घातला, १८९९ साली देवलांची ‘शारदा’ रंगभूमीवर आली; हा क्रम आपणांस मुखोद्गत असतो. परंतु पडद्यासमोर जो प्रेक्षक बसला होता, त्याला तेथे बसण्यापुरती सवड कोठून मिळाली, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. नाटकास नाटककार लागतो, नट लागतो, तितकाच प्रेक्षकाचा मोकळा वेळही लागतो. आणि वेळ ही वस्तू सर्वांस सारखी वाटून मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणगावातील कामगाराची कथा या दृष्टीने पाहिली, म्हणजे रंगभूमीच्या इतिहासाचे एक निराळे पान उघडते.

प्राचीन अथेन्समध्ये ही गोष्ट राज्यकर्त्यांनी ओळखली होती. डायोनिससच्या वासंतिक उत्सवात कित्येक दिवस नाट्यस्पर्धा चालत. त्या काळात न्यायालयांचे काम स्थगित राही, आणि पुढे गरीब नागरिकास प्रवेशाचे पैसे सार्वजनिक निधीतून देण्याचा प्रघात पडला. नाटक पाहणे ही तेथे चैन नव्हती. ते नागरिकत्वाचे एक अंग होते. अर्थात ज्यांच्या श्रमावर ही सवड उभी होती, त्या दासांची गणना नागरिकांत होत नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

मुंबईत सवड अशी आपण होऊन कोणी दिली नाही. ती मागून घ्यावी लागली. गिरणीतील कामाचा दिवस सूर्योदयाबरोबर सुरू होई व सूर्यास्ताबरोबर संपे. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्याने मुलांपुरते थोडे संरक्षण दिले. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या वाट्यास काही आले नाही. १८८४ साली जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत पहिली मागणी आठवड्यास एक दिवस सुट्टी मिळावी, ही होती. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. अखेर त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवार आपल्याला पंचांगातल्या वारासारखा स्वयंसिद्ध वाटतो. पण गिरणगावात तो लढून मिळविलेला आहे.

रविवार मिळाला खरा. परंतु रविवारी घर कोठे होते? १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे सव्वापाचशे भरल्या. गिरणीत राबणारा पुष्कळसा पुरुषवर्ग रत्नागिरी जिल्ह्यातून वा घाटावरून एकटाच आलेला. राहावयाचे गावकीच्या खोलीत, जेवावयाचे खानावळीत. पांढरपेशा गृहस्थ सहकुटुंब गंधर्व नाटक मंडळीचा प्रयोग पाहावयास जाई, त्याच्या घरच्या स्त्रिया राखून ठेवलेल्या जागी बसत, आणि दुसऱ्या दिवशी घरभर त्या पदांची उजळणी चाले. कामगाराचा रविवार याहून निराळा होता. भजन, तमाशा अथवा नाटक, जे काही तो पाही ते गाववाल्यांच्या संगतीत. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळ येथे दामोदर नाट्यगृह उभारले, आणि तेथे कामगार प्रेक्षक म्हणून आला, तसा नट म्हणूनही उभा राहिला. तथापि ज्यांना हे सारे दाखवावे, ती बायकामुले शेकडो मैल दूर होती. मध्यमवर्गास जी दोन सुखे एकत्र मिळत, ती कामगाराच्या वाट्यास तुटून आली. शहरात नाटक होते, घर नव्हते.

ती दोन्ही एकत्र यावयाची म्हणजे आठवड्याची रजा हवी. पूर्वी या रजेचा पगार मिळत नसे. मुकादमाची मर्जी सांभाळून, आपल्या जागी बदली माणूस उभा करून निघावयाचे, आणि परत येईपर्यंत ती जागा आपलीच राहील की नाही या धास्तीने दिवस मोजावयाचे, अशी रीत होती. तरीही चाकरमानी गावी जाई. गणपतीत जाखडी, शिमग्यास नमन-खेळे आणि दक्षिण कोकणात जत्रेस दशावतार, हीच त्याची सहकुटुंब रंगभूमी. पालखी देवळात परतली म्हणजे रात्री उशिरा संकासुराचे सोंग येई आणि मग आख्यान पहाटेपर्यंत चाले. संवादांची लिखित संहिता नसे. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. म्हातारी आई, बायको, अर्धवट झोपेतली मुले आणि मुंबईहून आलेला कर्ता पुरुष अशी सारी एकाच पटांगणात बसलेली असत. तिकीट नव्हते, जागेचे वर्ग नव्हते. गावचे देऊळ हेच नाट्यगृह होते.

पगारी रजेचा हक्क या कामगारास १९४५ च्या दुरुस्तीने प्रथम मिळाला, आणि १९४८ च्या कायद्याने तो पक्का झाला. वर्षभर नोकरी झाल्यावर कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस, असे ते मोजमाप होते. रंगभूमीच्या इतिहासात या कलमाचा उल्लेख आढळत नाही. परंतु किती पटांगणे त्याने भरली असतील, याची कल्पना कोकणच्या कोणाही माणसास करता येईल. गावच्या उत्सवात हौशी नटांनी उभे केलेल्या नाटकाची फजिती रंगविणारे गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली मुंबईत आले, तेव्हा त्याला लोटलेल्या गर्दीने गावची करमणूक शहराच्या रंगमंचावर मानाने आणून बसविली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. अनेकांना परतावयास गिरणी उरली नाही. जो चाकरमानी एके काळी आठवड्याची रजा काढून गावी येई, तो आता कायमचा गावी आला. देऊळ तेच होते, दशावतारही तोच होता, आणि वेळ तर हवा तेवढा होता. परंतु ज्याला परतावयाचे आहे त्याचाच वेळ सुट्टी ठरतो. परतण्याची जागा नाहीशी झाली की उरते ते केवळ रिकामपण. २०२३ साली दामोदर नाट्यगृहही पुनर्विकासासाठी बंद झाले.

आपल्याकडे करमणुकीस श्रमाचे पारितोषिक मानण्याची सवय आहे. हा इतिहास त्याहून अधिक काही सांगतो. काम, घर आणि नाटक या तिन्हींचा मेळ बसतो, तेव्हाच माणसाचे आयुष्य भरल्यासारखे होते. आणि तो मेळ दैवाने नव्हे, तर कायद्याने, सभेने, अर्जाने व संघटनेने घडून येतो. आज कंत्राटी कामावर राबणाऱ्या असंख्य स्त्रीपुरुषांस पगारी रजा ठाऊक नाही. त्यांच्या पिढीचे नाटक कोण लिहील, याची चिंता वाहणारे पुष्कळ आहेत. ते पाहावयास त्यांना रात्र मोकळी मिळेल काय, हा प्रश्न लोखंड्यांनी १८८४ साली विचारला होता, आणि तो पुन्हा विचारावा लागणार आहे.