माळरानावर पेरलेलं बी खरंच जगतं का?

उजाड माळरानावर बी टाकलं, पाऊस पडला आणि जमीन हिरवी झाली, की काम फत्ते झालं असं वाटतं. पण कोरड्या प्रदेशात उगवणं वेगळं आणि तगणं वेगळं. हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो अमेरिकेतल्या ग्रेट बेसिनमध्ये.

कुठे आहे हा प्रदेश?

सिएरा नेवाडा आणि रॉकी या पर्वतरांगांच्या मधला हा कोरडा टापू. नेवाडाचा बहुतांश भाग, युटाचा पश्चिम भाग आणि आजूबाजूच्या राज्यांचा काही भाग त्यात येतो. इथे ओलावा मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फाचा आणि वसंतातल्या पावसाचा. उन्हाळा कोरडा जातो. सेजब्रश नावाचं राखाडी झुडूप आणि झुपक्यांनी वाढणारं गवत ही इथली मूळ वनस्पती.

पेरणी का करावी लागते?

अति चराईमुळे मूळ गवत विरळ झालं. त्या जागी चीटग्रास हे परदेशी तण पसरलं. ते उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळतं आणि सहज पेट घेतं. सेजब्रश जळालं की बुंध्यापासून पुन्हा फुटत नाही. त्याचं बी जमिनीत फार काळ टिकत नाही आणि झुडपापासून फार लांबही जात नाही. म्हणून आगीनंतर यंत्राने किंवा विमानातून बी पेरलं जातं.

रोपं मरतात कधी?

बरंचसं बी रुजतं, पण कोंब जमिनीवर येण्याआधीच मरतो. गोठणारी माती, वरचा कडक थर आणि बुरशी ही त्यामागची कारणं. जे वर येतं त्याला चीटग्रासशी पाण्यासाठी झुंजावं लागतं. मुळं खोल जाण्याआधी उन्हाळा आला, तर रोप वाळतं. पहिली काही वर्षं तगलेलं सेजब्रश मात्र अनेक दशकं जगू शकतं.

जे टिकलं, तेच हवं होतं का?

क्रेस्टेड व्हीटग्रास हे गवत रशियातून १८९८ च्या सुमारास अमेरिकेत आलं. १९३० च्या दशकातल्या दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनंतर ते लाखो एकरांवर पेरलं गेलं. ते स्वस्त, काटक आणि जनावरांना चालणारं. पन्नास वर्षांपूर्वीच्या पेरणीतलं हे गवत अनेक ठिकाणी आजही उभं आहे. पण त्याच्या दाटीत मूळ वनस्पती सहसा परतत नाहीत. नांगरून किंवा तणनाशक मारूनही ते जमिनीतल्या बियांतून पुन्हा येतं. हिवाळ्यात जवळजवळ फक्त सेजब्रशच्या पानांवर जगणाऱ्या सेज ग्राउस पक्ष्याला अशा कुरणाचा उपयोग नाही. दुसरीकडे, हेच गवत चीटग्रासला रोखतं. त्यामुळे ते काढावं की ठेवावं, यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत.

मग उपाय काय?

एका वर्षाच्या पावसावर सगळं बी पणाला न लावता पेरणी वेगवेगळ्या वर्षांत विभागणं, त्याच हवामानातलं बी वापरणं, सेजब्रशची तयार रोपं लावणं आणि सुरुवातीची वर्षं चराई बंद ठेवणं, हे काही मार्ग. आगीनंतरच्या कामाचा निधी आणि पाहणी बहुतेकदा मोजक्या वर्षांपुरतीच असते. पेरणीचा खरा निकाल लागायला मात्र दशकं जातात. पहिल्या वर्षाच्या हिरवळीवरून तो ठरत नाही.