गुणांकन, संकेतस्थळांतर्गत शोधातील

गुणांकन, संकेतस्थळांतर्गत शोधातील : वृत्तपत्राच्या, ग्रंथालयाच्या किंवा दुकानाच्या संकेतस्थळावर शोधपेटीत शब्द टाकला की निकालांचा क्रम लावण्यासाठी प्रत्येक पानाला दिला जाणारा अंक. तो परीक्षेतल्या गुणांसारखा ‘शंभरपैकी’ नसतो. एका शोधातले १२ आणि दुसऱ्या शोधातले १२ यांचा एकमेकांशी संबंध नाही. काही ठिकाणी हाच अंक टक्क्यांत छापतात; ती शुद्ध दिशाभूल होय.

शब्द किती वेळा आला हे मोजून मजकुराचा विषय ओळखण्याची कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५७ मध्ये मांडली. पण नुसती मोजदाद पुरत नाही. जो शब्द थोड्याच पानांत सापडतो त्याला जास्त वजन द्यावे, हे कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दाखवले. या विषयातले सर्वांत टिकाऊ काम हेच. समजा, १०,००० पानांच्या संग्रहात ‘किल्ला’ १,००० पानांत आहे आणि ‘साल्हेर’ फक्त १० पानांत. ‘साल्हेर किल्ला’ असे शोधल्यास आज रूढ असलेल्या सूत्राने ‘किल्ला’ला सुमारे २.३ आणि ‘साल्हेर’ला सुमारे ६.९ वजन मिळते. साल्हेरची पाने आपोआप वर येतात.

हे सूत्र बीएम२५ नावाने ओळखले जाते. लंडनच्या सिटी विद्यापीठातील ओकापी प्रणालीवर काम करताना स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी ते १९९४ च्या सुमारास सिद्ध केले. पुनरुक्तीला ते लगाम घालते. सरासरी लांबीच्या पानात शब्द एकदा आला तर १, दहादा आला तर १.९६, शंभरदा घुसडला तरी २.२ ची मर्यादा ओलांडली जात नाही. लांबलचक पानाला थोडी वजावटही होते. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ल्युसीन या मुक्त आज्ञावलीने २०१६ मध्ये बीएम२५ हेच पूर्वनिर्धारित सूत्र केले. सोलर आणि इलॅस्टिकसर्च ही ल्युसीनवरच उभी आहेत.

यावर मालकाच्या सोयीची भर पडते : शीर्षकातल्या शब्दाला जादा वजन, ताज्या मजकुराला झुकते माप. दुकानात तर खपवायचा मालही वर सरकवता येतो.

मराठीत खरी अडचण सूत्राच्या आधीच उभी राहते. यंत्र अक्षरे जुळवते. त्यामुळे ‘पुणे’ विचारले की ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ गळतात. त्यासाठी प्रत्यय छाटावे लागतात, आणि छाटणी आंधळी असली तर ‘घरात’चे ‘घर’ होते तसे ‘वरात’चे ‘वर’ होते. चुकीच्या लेखनाची गंमत वेगळीच : ते दुर्मिळ, म्हणून सूत्र त्याला भारी समजते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे ‘कवि’ आणि नंतरचे ‘कवी’ हे तर यंत्राला दोन परके शब्द वाटतात. जुन्या नियतकालिकांच्या संग्रहात शोधताना दोन्ही रूपे टाकून पाहावीत. गावाचे नाव ‘पुणे’ आणि ‘पुण्यात’ असे वेगवेगळे द्यावे.