मोठी एबीसीडी, छोटी एबीसीडी

परवा नातवाचा सी भाषेतला प्रोग्राम काही केल्या चालेना. शेवटी सापडलं: 'मेन' या शब्दातला एम त्याने कॅपिटल काढला होता! मला हसू आलं. शाळेत अशा चुकीला मी अर्धा गुण कापत असे. इथे तर सगळेच गेले.

मग थोडं वाचलं. १९५७ साली आयबीएमची फोरट्रान भाषा आली, तेव्हा पंचकार्डाच्या यंत्रांवर छोटी एबीसीडी नव्हतीच. एका अक्षराला सहा बिट, म्हणजे फार तर ६४ चिन्हं. त्यातच अक्षरं, आकडे, विरामचिन्हं बसवायची. मग छोट्या अक्षरांची चैन कशी परवडणार? १९६३ च्या आस्की संकेतातही ती नव्हती. १९६७ च्या आवृत्तीत आली. पुढे १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली. तिचे ठरीव शब्द छोट्या अक्षरांत, आणि मोठं-छोटं अक्षर तिच्या लेखी वेगळंच. फोरट्रानने १९९० च्या आवृत्तीत छोटी अक्षरं घेतली, पण दोन्ही एकच मानली.

आपल्या देवनागरीत हा भेदच नाही. पाचवीत इंग्रजी शिकू लागलेल्या माझ्या मुलांना तो अगदी नवा होता. गुण कापताना मी त्यांना कारण कधी सांगितलं नाही. नातवाला मात्र रागावले नाही. पंचकार्डाची गोष्ट सांगितली.