लिहिले, पण उतरले का?

वाचकहो, एखादे गुरुजी संगणकावर मुलांचे गुण भरतात, जतन करण्याची कळ दाबतात आणि निर्धास्त होतात. गुण तबकडीवर उतरले, असे त्यांना वाटते. पण ते त्याच क्षणी उतरतातच असे नाही! असे का, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली उभी केली. तबकडी पडली संथ. तिच्यावरचा हात जागोजागी सरकायला वेळ लागतो. गिऱ्हाइकांची गर्दी झाली की दुकानदार काय करतो? आकडे आधी पाटीवर टिपतो आणि दिवेलागणीला वहीत उतरवतो. युनिक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, तेच केले. मजकूर आधी स्मृतीत, तबकडीवर मागाहून.

तरी एक अडचण राहिलीच. एकाच फाइलचे लहान लहान तुकडे तबकडीभर विखुरत. तबकडीच्या अंगचा जेमतेम २ ते ५ टक्के वेग हाती लागे. बर्कले येथील मॅकक्युसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी तुकडे मोठे केले, ५१२ वा १०२४ बाइटांऐवजी निदान ४०९६ बाइटांचे, आणि ते शेजारीशेजारी मांडले. १९८४ च्या त्यांच्या निबंधात हा वेग ४७ टक्क्यांपर्यंत पोचलेला दिसतो.

पण वहीत उतरण्याआधीच पाटी पुसली गेली तर? वीज गेली की स्मृती कोरी! म्हणून १९८३ च्या बर्कले युनिक्समध्ये ‘एफसिंक’ ही आज्ञा आली. तिचा अर्थ एवढाच: ही फाइल आत्ताच्या आत्ता तबकडीवर उतरव, मग पुढचे बोल.

हा धडा पुढे पुन्हा गिरवावा लागला. २००८ च्या अखेरीस लिनक्समध्ये ‘एक्स्ट-४’ ही मांडणी वापरास सिद्ध झाली. तिने तबकडीवरची जागा नेमण्याचे कामही लांबणीवर टाकले, वेग वाढला. पण २००९ मध्ये यंत्र अचानक बंद पडल्यावर काहींच्या फाइली रिकाम्या निघाल्या. कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी एफसिंक वापरायला हवे होते, असे तिचे एक प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांनी सांगितले. तरीही त्याच वर्षी कर्नलमध्ये सावधगिरीची तरतूद झाली.

तेव्हा गुरुजी, यंत्राचा वेग हा पुष्कळदा उधारीचा असतो. काम संपले की यंत्र रीतसर बंद करा, आणि गुणांची एक प्रत दुसरीकडे ठेवा.