खोबणीतला इतिहास

आमच्या शहरात पाहुणा आला, की त्याला दाखवावयाच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पहिल्या दिवशी बीबीका मकबरा आणि पाणचक्की, दुसऱ्या दिवशी वेरूळ आणि वाटेत दौलताबादचा किल्ला, तिसऱ्या दिवशी अजिंठा, आणि निघताना हिमरूची शाल. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी वसवलेली खडकी, पुढे औरंगाबाद म्हणून नावाजली आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाली. असे हे गाव इतिहासाच्या बाबतीत मुळीच गरीब नाही. तरीही माझ्या मनात पुष्कळदा येते, की या यादीत आणखी एक ठिकाण घालावे. ते म्हणजे मोटरसायकल दुरुस्तीचे, रस्त्याच्या कडेचे एखादे साधे दुकान.

तिथे तिकीट लागत नाही आणि वाटाड्याही लागत नाही. पाण्याने भरलेले एक घमेले, खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा, सोल्यूशनची डबी, रबर घासायची कानस, हवेचा पंप आणि जमिनीवर पडलेल्या दोन-तीन पोलादी टॉम्या, एवढेच तिथले वैभव. पण एक उस्ताद आणि त्याचा पोरगेला शागीर्द टायर बसवू लागले, म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास त्यांच्या हाताखालून जात असतो. त्यांच्या हातून ज्या चुका होतात, त्यांनाही इतिहास आहे. किंबहुना चुकांमुळेच तो अधिक नीट कळतो.

वाचकांपैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले असेल, त्यांनी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना पाहिले असेल. चाकापेक्षा धाव किंचित लहान करायची, शेणीच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, फुगली की सांडशीने धरून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. धाव चर्र करून आवळते आणि पाटे, आरे, तुंबा सगळे एकजीव होते. मोठ्या वस्तूवर लहान कडे कसे चढवावे, या प्रश्नाला आपल्या लोहाराने दिलेले हे उत्तर होते. रबरी टायरपुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहिला. फक्त रबर जाळात घालता येत नव्हते.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना प्रथम रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाला सुचली आणि १८४५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. पण त्या काळी सायकलीही नव्हत्या आणि मोटारीही नव्हत्या. घोडागाडीवाल्यांना ते प्रकरण महाग पडले आणि लोक ते विसरले. पुढे बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळते म्हणून तिला हवेची रबरी नळी गुंडाळली. १८८८ साली त्याने पेटंट मिळवले. थॉमसनचा जुना कागद सापडल्यावर ते पेटंट टिकले नाही, पण डनलॉपचे नाव मात्र टिकले.

डनलॉपच्या चाकात एक मोठी अडचण होती. हवेची नळी आणि तिच्यावरचे कापड-रबराचे आवरण रिमला चिकटवलेले असे. एक काटा रुतला, की सगळे सोलून काढावयाचे, नळी सांधावयाची आणि पुन्हा चिकटवून सुकत ठेवावयाचे. फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँ येथे मिशलँ बंधूंच्या रबराच्या कारखान्यात १८८९ साली एक सायकलस्वार असेच चाक घेऊन आला. दुरुस्तीला तीन तास लागले आणि चाक रात्रभर सुकत ठेवावे लागले, तरी दुसऱ्या दिवशी थोडे अंतर जाताच पुन्हा हवा गेली. तेव्हा एदुआर मिशलँने ठरवले, की झटपट काढता-घालता येईल असा टायर झाला पाहिजे. १८९१ साली तो तयार झाला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ या सायकलपटूने त्यावर बसून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी तर मिशलँने दुसऱ्या एका शर्यतीत वाटेवर मुद्दाम खिळे पसरले, आपला टायर किती लवकर दुरुस्त होतो हे जगाला दिसावे म्हणून! पंक्चरवाल्याच्या दुकानापुढेच खिळे कसे सापडतात, अशी थट्टा आपण करतो. तिला इतका जुना आणि प्रतिष्ठित आधार आहे.

परंतु आजच्या दुकानातला खरा पूर्वज वेगळाच आहे. इंग्लंडमधल्या चार्ल्स वेल्शने १८९० साली टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मध्यभागी खोलगट खोबण केली. त्याच वर्षी बार्टलेटने दुसरी युक्ती काढली. टायरच्या कडेला आकडा करायचा आणि हवेच्या दाबाने तो रिमच्या वळलेल्या ओठात अडकवायचा. सुरुवातीच्या मोटरसायकली पुष्कळ वर्षे या आकड्याच्या टायरवर धावल्या. हवा कमी झाली, की असा टायर रिम सोडून बाहेर पडे. हळूहळू तो मागे पडला आणि वेल्शची तार व खोबण तेवढी उरली.

ही खोबण कशासाठी, हे समजले, की टायर बसवण्याचे निम्मे शास्त्र समजले. टायरच्या कडेतल्या तारेचा घेर रिमच्या ओठापेक्षा लहान असतो. तार ताणत नाही आणि रिमही आकसत नाही. मग टायर चढतो कसा? एका बाजूची कड मधल्या खोबणीत उतरवली, म्हणजे समोरच्या बाजूला तेवढी ढिलाई मिळते, आणि तिथून उरलेली कड ओठावरून अलगद आत जाते. लोहाराने जे विस्तवाने साधले, ते वेल्शने खोबणीने साधले.

आता चूक पाहा. शागीर्द नवखा असतो, गिऱ्हाईक डोक्यावर उभे असते. पलीकडची कड खोबणीत उतरलेली नसते, ती ओठालगतच अडकून असते. अलीकडे शेवटची वीतभर कड काही केल्या आत जात नाही. मग तो टॉमीवर पाय देतो, दुसरी टॉमी घालतो, अंगातले सगळे बळ लावतो. कड आत जाते, पण टॉमीच्या टोकाखाली ट्यूब चिमटलेली असते. हवा भरावी, तर फुस्स! ट्यूब काढून पाहावी, तर सापाच्या दंशासारखी बारीक भोके. गिऱ्हाईक म्हणते, ट्यूबच खराब दिली. शागीर्द म्हणतो, टायरच कडक आहे. दोष दोघांचाही नसतो. मधली खोबण कोणाच्या लक्षात आलेली नसते.

मी एकदा अशाच प्रसंगी एका म्हाताऱ्या उस्तादांना उठून येताना पाहिले. त्यांनी पोराच्या हातातली टॉमी काढून घेतली, पलीकडच्या बाजूवर दोन्ही गुडघे टेकले, कड दाबून खोबणीत उतरवली आणि आमच्या शहराच्या दखनीत म्हणाले, "जोर नक्को लगा बेटा, जगा देख." उरलेली कड त्यांनी जवळजवळ हातानेच आत सारली. वेल्शचे नाव त्यांच्या कानावरून गेले असेल असे मला वाटत नाही. पण त्याच्या पेटंटाचा सगळा अर्थ त्या एका वाक्यात होता.

हेच तत्त्व धरून पुढचे नियमही ठरतात. वॉलच्या ठिकाणी ट्यूबचा जाड भाग खोबणीत बसलेला असल्यामुळे तिथे कड खाली उतरत नाही. म्हणून बसवताना सुरुवात वॉलच्या समोरून करावी आणि शेवट वॉलपाशी करावा. ट्यूबेत आधी थोडी हवा भरून तिला गोल आकार द्यावा, म्हणजे ती टॉमीखाली येत नाही. कडेला साबणाचे पाणी लावावे; तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. आऱ्यांच्या टोकांवरची रबरी पट्टी जागेवर आहे ना, ते पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टायरच्या आतून बोटे जपून फिरवून काटा किंवा खिळा शोधावा. ट्यूबला ठिगळ लावले आणि खिळा तसाच राहिला, तर तो कोसभरावर पुन्हा आपले काम करतो.

दुसरी एक चूक बाणाची. पुष्कळ टायरांच्या अंगावर बाण कोरलेला असतो. चाक त्या दिशेने फिरावयास हवे. पावसात नक्षीतून पाणी बाहेर फेकले जाते ते त्याच दिशेला. शिवाय मागच्या चाकावर इंजिनाचा जोर एका दिशेने येतो, तर पुढच्यावर ब्रेकचा जोर त्याच्या उलट. म्हणून काही टायरांवर दोन्ही चाकांसाठी वेगवेगळे बाण असतात. चाक जमिनीवर आडवे पडले, की साखळीची बाजू कोणती हे डोळ्यांना समजत नाही, आणि मग टायर उलटा बसतो. तो फुटत नाही, हवा सोडत नाही, काही बोलत नाही. म्हणूनच ही चूक महिनोन् महिने तशीच धावत राहते.

येथे स्कूटरचीही कथा सांगितली पाहिजे, कारण तिचा जन्मच टायरच्या कटकटीतून झाला. इटलीत १९४६ साली व्हेस्पा निघाली. तिचा कर्ता कोर्रादिनो दास्कानियो हा विमानांचा अभियंता. त्याला मोटरसायकल आवडत नसे, आणि त्याच्या तक्रारींपैकी एक होती ती ही, की पंक्चर झाल्यावर तिचे चाक काढणे फार त्रासाचे. म्हणून त्याने विमानाच्या चाकाप्रमाणे एका बाजूने आधार असलेले चाक योजले आणि पाठीला जादा चाक दिले. त्या जादा चाकाला आपण म्हणतो स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीचे जादा चाक विकायला काढले होते. त्या गल्लीचे नाव आपल्या घराघरांत पोचले आहे.

स्कूटरच्या रिमला खोबणीचा प्रश्नच नव्हता. रिम दोन अर्ध्या तबकड्यांची आणि नटांनी जोडलेली. नट काढले, की टायर सुटा. पण सोय आली, की तिच्याबरोबर नवी चूकही येते. हवा न सोडता हे नट काढले, तर दाबलेली हवा तबकडी तोंडावर फेकते. १९७२ साली चेतक आली आणि मराठी कुटुंबात नांदू लागली, तेव्हा 'आधी हवा, मग पाना' हा धडा शेकडो दुकानांत तोंडी शिकवावा लागला असेल. तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि आमचे गाव दुचाकींचे गाव बनले. सुटे भाग करणारे कारखाने आले, गुडइयरचाही टायरचा कारखाना आला. कारखान्यात यंत्र टायर चढवते आणि दाबही यंत्रच मोजते. पण तीच गाडी दोन वर्षांनी पंक्चर झाली, की रस्त्याच्या कडेला घमेल्यापाशीच येते. आता ट्यूब नसलेले टायर आले. त्यांत चिमटायला ट्यूबच नाही, म्हणून जुनी चूक संपली असे वाटते. परंतु तिथे टॉमीने कड खरवडली किंवा रिमच्या ओठाला खाच पडली, तर त्या जागेतून हवा हळूहळू जात राहते. चूक गेली नाही, तिने जागा बदलली.

हे सगळे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात गेलेले आहे. आपल्याकडे लढायांच्या बखरी झाल्या, घराण्यांच्या वंशावळी झाल्या. टॉमी धरणाऱ्या हातांची बखर मात्र कोणी लिहिली नाही. खंडेनवमीला हीच हत्यारे धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून पाटावर मांडलेली मी पाहतो, तेव्हा ही उणीव मला फार जाणवते. कारण या हातांवर आपण रोज जे सोपवतो, ते लहानसहान नसते. भाऊबिजेला कोणी बहिणीकडे निघालेला असतो. टाकीवर मुलगा, मागे पत्नी, तिच्या मांडीवर फराळाचा डबा. या सगळ्यांचा भार दोन तारांच्या कड्यांवर असतो, आणि ती नीट बसली आहेत की नाहीत, हे त्या कारागिरालाच ठाऊक असते.

म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. टायर बसवून झाला, की निघण्यापूर्वी चाकाला एक फेरा देऊन पाहा. टायरच्या अंगावर रिमच्या कडेलगत एक बारीक रेघ असते. ती सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. वॉल सरळ उभा असावा, तिरका नको. बाण योग्य दिशेला असावा. आसाचा नट आवळलेला, ब्रेक लागणारा आणि साखळी सरळ असावी. हवा फूटपट्टीने नव्हे, अंगठ्यानेही नव्हे, मापानेच भरून घ्यावी.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्या माणसाच्या डोक्यावर उभे राहून "लवकर कर" म्हणू नका. मी पाहिलेल्या चिमटलेल्या ट्यूबांपैकी पुष्कळांना गिऱ्हाइकाची घाई कारणीभूत होती, आणि चूक मात्र पोराच्या नावावर लिहिली गेली. पलीकडची कड खोबणीत उतरवायला फार तर मिनिटभर लागतो. तो मिनिट त्याला द्यावा.