मिलिकनची सरळ रेषा

बसतांक्षणीं आठ आणे आणि पुढें दर मैलास चार आणे असा टांग्याचा दर ठरला, तर मैल आडव्या अक्षावर व भाडें उभ्या अक्षावर मांडतांच सारे बिंदू एका सरळ रेषेंत बसतात. बीजगणितांत ही रेषा ‘य = म क्ष + क’ अशी लिहितात. ‘म’ हा रेषेचा चढ, येथें चार आणे. ‘क’ हा उभ्या अक्षावरील तिचा छेद, येथें आठ आणे. समीकरण व रेषा यांची ही सोयरीक देकार्तनें १६३७ सालीं आपल्या भूमितीच्या ग्रंथांत जुळविली. परंतु असा एक चढ मोजण्यासाठीं सुमारें दहा वर्षें वेंचणारा मनुष्य पुढें शिकागो विद्यापीठांत निघाला. त्याचें नांव रॉबर्ट मिलिकन.

प्रकाश म्हणजे लाटा, हें मत एव्हांना दृढमूल झालें होतें. १९०५ सालीं आइन्स्टाइननें तो ऊर्जेच्या ठराविक पुड्यांनीं येतो असें मांडलें. धातूवर प्रकाश पडला कीं इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. पुडीची ऊर्जा प्रकाशाच्या कंपनसंख्येच्या प्रमाणांत असते. तींतून धातूबाहेर पडण्याची जकात वजा जातां जें उरेल तें इलेक्ट्रॉनचें. तेव्हां इलेक्ट्रॉनांस थोपविणारा विद्युद्दाब कंपनसंख्येसमोर मांडला, तर सरळ रेषा यावी. तिचा चढ सर्व धातूंस एकच असावा, आणि छेद मात्र धातूगणिक निराळा, शून्याच्या खालीं असावा.

मिलिकनला ही कल्पना मुळींच पटली नव्हती. ती खोटी ठरेल, याच अपेक्षेनें तो कामास लागला. सोडियम, लिथियम यांचा पृष्ठभाग हवेंत तेव्हांच काळवंडतो. म्हणून त्यानें निर्वात कांचपात्राच्या आंतच सुरी बसविली आणि बाहेरून विद्युच्चुंबकानें ती फिरवून धातू ताजा तासून घेतला. मग एकेका रंगाचा प्रकाश सोडून दाब मोजला. १९१६ सालीं त्यानें निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिंदू रेषेंत होते, आणि दोन्ही धातूंचा चढ जवळजवळ एकच आला! छेद काढण्यास शाळकरी मुलें क्ष शून्य धरतात. येथें शून्य कंपनांचा प्रकाशच नसल्यामुळें रेषा मागें वाढवूनच तो वाचावा लागतो.

चढास इलेक्ट्रॉनच्या विद्युद्भारानें गुणिलें कीं प्लांकचा स्थिरांक मिळतो. तो विद्युद्भार मिलिकननेंच पूर्वीं तेलाच्या थेंबांवरून काढलेला होता. दहाचे घात बाजूस ठेविले तर गुणाकार ६.५७ आला, प्लांकनें १९०० सालीं तप्त वस्तूंच्या प्रारणावरून काढलेला अंक ६.५५ होता. तरीहि मिलिकनचा हट्ट सुटला नाहीं. समीकरण खरें, पण त्यामागची प्रकाशाच्या पुड्यांची उपपत्ति टिकणारी नव्हे, असें त्यानें त्याच निबंधांत लिहिलें. याच नियमासाठीं आइन्स्टाइनला १९२१ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मिलिकनला १९२३ सालीं मिळालें, त्यांतहि या कामाचा उल्लेख होता.

२०१९ सालीं हा अंक ६.६२६०७०१५ असा कायमचा नेमून देण्यांत आला. मिलिकनची तूट शेंकडा एकाहूनहि कमी भरते, आणि तीहि बव्हंशीं रेषेंतली नव्हे. थेंबांच्या प्रयोगांत हवेच्या चिकटपणाचा आंकडा किंचित् कमी धरला गेला, त्यामुळें विद्युद्भार कमी आला, आणि ती उणीव गुणाकारांत उतरली.